सतरा नंबरचा खिळा

मी एक पितळी बिल्ला. कपाच्या तोंडाएवढा गोल, वरच्या बाजूला एक भोक, भोकात दोरी आणि अंगावर सतराचा आकडा. याहून जास्त काही माझ्याजवळ नाही. तरी एका संध्याकाळी माझ्यामुळे एक माणूस बेटावर मागे राहिला. मला ते ठाऊक होतं आणि कुणाला सांगता येत नव्हतं. ते अजून मनात सलतं. म्हणून सांगायला बसलोय. सावकाश सांगतो, घाईने मला जमत नाही.

माझा जन्म लढाईतला. या बेटाच्या टोकावर तेव्हा चार तोफा बसवल्या होत्या, आणि मी होतो एका तोफेच्या गोळ्याचं पितळी नळकांडं. सरावात गोळा उडाला, नळकांडं रिकामं झालं. छावणीतल्या लोहाराने ते कापून सपाट केलं आणि त्यातून आम्हा चोवीस जणांना घडवलं. एका मोठ्या आवाजानंतर उरलेला तुकडा आहे मी. स्वभाव काळजीचा झाला तो कदाचित त्यामुळेच.

आमचं काम साधं होतं. तोफांच्या मागे जमिनीखाली दारूगोळ्याची कोठडी होती. बावीस पायऱ्या उतरून जायचं. वर दाराशी एक फळा, फळ्यावर चोवीस खिळे. आत जाणाऱ्याने आपला बिल्ला काढून गळ्यात घालायचा आणि बाहेर आल्यावर पुन्हा टांगायचा. खिळा रिकामा, तर माणूस आत. एवढं समजायला शिक्षण लागत नाही.

मी ज्याच्या वाट्याला आलो तो तोफखान्यातला एक पोरसवदा शिपाई होता. शत्रू आज येईल, उद्या येईल, असं करत त्याने तीन वर्षं काढली. भीती वाटली की तो माझ्यावरून अंगठा फिरवायचा. माझा सात बघा, खालून गुळगुळीत झालाय. ती झीज त्याच्या अंगठ्याची.

एकदा भोंगा वाजला. विमानं येताहेत म्हणाले. कोठडीचं लोखंडी दार लावायचा हुकूम झाला. दाराशी एक कारकून होता, चष्मेवाला, सगळे त्याची टिंगल करायचे. तो फळ्याकडे बघून म्हणाला, “सतरा रिकामा आहे.” वरच्या साहेबाने पुन्हा हुकूम दिला. कारकुनाने दाराच्या फटीत स्वतःचा बूट घातला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. माझा शिपाई धापा टाकत वर आला तेव्हा त्या बुटावर दाराचा वळ उमटला होता. विमानं दुसरीकडेच गेली. पण त्या दिवसापासून रिकाम्या खिळ्यावर माझी श्रद्धा बसली. रिकामा खिळा कुणाला बाहेरून कोंडू देत नाही, असं मी धरून चाललो.

लढाई संपली. बेटावरून एकही तोफ शत्रूवर डागली गेली नाही. शिपाई घरी निघाले. जाताना माझ्या शिपायाने सवयीने मला खिळ्यावर टांगलं, क्षणभर अंगठा फिरवला आणि तो गेला. सगळ्यांनीच तसं केलं. चोवीस खिळे, चोवीस बिल्ले. मग कुणी आलं नाही. तोफा कापून नेल्या. पावसाचं पाणी पायऱ्यांवरून आत वाहत राहिलं, फळा कुजला, खिळे गंजले, आणि आम्ही एकेक करून चिखलात पडलो. किती वर्षं, ते मला मोजता आलं नाही. अंधारात मोजायचं तरी काय?

आम्हाला बाहेर काढलं ते ताईने.

ताई म्हणजे बेटाची वाट राखणारी बाई. तिचा धाकटा भाऊ नावाडी. बेटावर माणसं फिरायला येऊ लागली तेव्हा या दोघांनी ते काम अंगावर घेतलं. भाऊ पलीकडून माणसं आणतो, नेतो. ताई वाट साफ ठेवते, कड्याजवळ हाताला धरायचा दोर ताणून बांधते, निसरड्या पायऱ्यांवर रेती टाकते. धक्क्यापासून निघालेली वाट समुद्राच्या कडेकडेने बेटाला वळसा घालून परत धक्क्यावर येते. वाटेत टेहळणीची चौकी लागते, दिव्याची खोली, तोफांचे गोल ओटे. तिथून एक फाटा आमच्या कोठडीकडे उतरतो. रमतगमत गेलं तर तीन तासांची फेरी.

कोठडीतला चिखल उपसताना आम्ही ताईच्या फावड्याला लागलो. तिने राख लावून आम्हाला घासलं, ओळीने मांडलं आणि मोजलं. मग भावाला म्हणाली की चोवीसच्या चोवीस आहेत, म्हणजे जेवढे आत गेले तेवढे सगळे परत आले. आपल्यालाही असंच पाहिजे.

भावालाही त्याची गरज होतीच. तो आधी डोकी मोजायचा, पण मोजताना कधी स्वतःला धरायचा, कधी विसरायचा. त्यामुळे रोज संध्याकाळी एक माणूस जास्त तरी व्हायचा नाही तर कमी तरी, आणि ताईची अर्धी वाट पुन्हा पायाखालून जायची. आता धक्क्यावरच्या छपरीत नवा फळा लागला. बेटावर उतरलं की बिल्ला घ्यायचा, परतताना टांगायचा. फळा भरला की नाव सुटणार. ताईची एकच अट होती: ज्याने घेतला, त्यानेच टांगायचा. संध्याकाळी ती आम्हाला एकेक करून तेलाच्या फडक्याने पुसायची, कारण खाऱ्या वाऱ्याने पितळ हिरवं पडतं. एखादा खिळा रिकामा दिसला की हाका मारत वाटेने निघायची. कुणी फोटो काढत बसलेलं असायचं, कुणी दगडावर झोपलेलं. ताई रागवायची नाही. नुसती बिल्ला घेतलेल्या हाताकडे बघायची.

आता त्या दिवसाचं सांगतो.

छापखान्यातली बारा माणसं आली होती. बेटावर तेव्हा दुसरं कुणी नव्हतं, कारण संध्याकाळपासून वारा उठणार होता आणि पुढचे तीन दिवस नाव बंद राहील असा इशारा लागला होता. छापखान्याच्या सुट्टीचा दिवस ठरलेला, तो बदलता येईना. भावाने पाचच्या आत परतायच्या बोलीवर त्यांना आणलं. ताईने त्यांना खालची रांग वाटली, तेरा ते चोवीस.

मी गेलो प्रूफवाल्या काकांकडे. साठीला आलेले, बारीक अंगाचे, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले. छापायला जाणाऱ्या मजकुरात काय सुटलंय ते शोधायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांनी मला गळ्यात घातलं, आणि वर दोरी शर्टाच्या गुंडीला एक वेढा देऊन बांधली. हरवण्याची भीती. आमचं लगेच जमलं.

चालताना मी त्यांच्या छातीवर होतो, म्हणून मला कळत होतं. बाकीचे पुढे हसत-खिदळत, हे चार पावलं मागे. चौकीपाशी सगळ्यांचा फोटो निघाला तेव्हा हे जाळी लागलेल्या खिडकीतून समुद्र बघत होते. फोटो काढून झाल्यावर कुणाच्याच लक्षात आलं नाही की एक जण कमी आहे. त्यांच्याही नाही.

कोठडीत मात्र ते खुलले. आतल्या भिंतीवर शिपायांनी दिवस मोजून ओरखडे काढले होते, चार उभे आणि एक आडवा, अशा रांगाच्या रांगा. काकांनी चष्मा काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला, नाक भिंतीला टेकवलं आणि बोटाने ओरखडे चाचपत बसले. बाकीचे वर गेले. बऱ्याच वेळाने काका एकटेच हसले. एका पाचाच्या गटात ओरखडा एक कमी होता. “एक दिवस सुटलाय तुमचा,” ते भिंतीला म्हणाले. मला त्या शिपायाची आठवण झाली. तो दिवस भोंग्याचा असेल, मला वाटतं.

वर तोफेच्या ओट्यावर डबे खाऊन झाले होते. फोरमनची निघण्याची घाई सुरू होती. हा फोरमन माणूस वाईट नव्हे, हे मी आधीच सांगून ठेवतो. सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या की नाही, कुणाची टोपी राहिली का, सगळं तोच बघायचा. पोरं त्याला मागून ‘आई’ म्हणायची. त्याने आपली पिशवी उघडली आणि सगळ्यांचे बिल्ले मागितले. कड्यावर वाकलात की पाण्यात पडतील, खाली गेल्यावर मी टांगतो, म्हणाला. एकेकाने टाकला. काका शेवटी आले. त्यांचा हात माझ्यावर थांबला.

“स्वतःच टांगायचाय ना पण? त्या ताई म्हणाल्या होत्या.”

“काका, तुम्ही पण ना. टांगण्याशी मतलब.”

काका भिडस्त. त्यांनी गुंडीची गाठ सोडली आणि मला पिशवीत टाकलं.

दहा पावलं गेलो असू. पिशवीच्या तोंडातून मला काकांचा आवाज ऐकू आला. “चष्मा खाली राहिला. घेऊन येतो, तुम्ही व्हा पुढे.” फोरमन तेव्हा कुणाच्या तरी बुटाचा तळ दोरीने बांधत होता. तो “हं” म्हणाला. ते ‘हं’ बुटाला होतं. मला कळलं, काकांना कळलं नाही.

मग वाट, कड्याचा दोर, उतरण. पिशवीत आम्ही बाराही जण एकमेकांवर आपटत होतो आणि मी प्रत्येक वळणावर मागे कान लावत होतो. चष्म्याशिवाय बावीस पायऱ्या, तळाच्या तीन तर शेवाळलेल्या. काकांची पावलं मागून ऐकू आली नाहीत.

कड्यापाशी ताई होती, पण कठड्याच्या खाली लोंबकळून सैल पडलेला दोर आवळत होती. तिने वरून जाणारी पावलं ऐकली, माणसं पाहिली नाहीत.

धक्क्यावर सगळ्यांच्या आधी पोचला तो फोरमन. त्याने आम्हाला बाहेर काढलं, तेरा तेराच्या खिळ्यावर, चौदा चौदाच्या, असं करत बाराच्या बारा जण सरळ रेषेत टांगले. प्रत्येकाचा आकडा समोर, प्रत्येकाची दोरी दोन वेढ्यांनी पक्की. मागे सरून बघितलं आणि समाधानाने मान हलवली. छापलेल्या पानासारखे दिसत होतो आम्ही.

आणि सतराचा खिळा भरलेला होता.

मला काय वाटलं ते कसं सांगू? माणूस जमिनीखाली आणि मी इथे चकाकतोय, की तो परत आला म्हणून. आयुष्यभरात खोटं बोलायची वेळ आली नव्हती. त्या दिवशी नुसतं गप्प लटकून मी खोटं बोलत होतो.

समुद्रावर फेस दिसू लागला. भाऊ घाई करत होता. नाव लहान, बारा जण एका खेपेत मावणार नव्हते. जे आले ते बसले, फोरमन त्यांच्यात. त्याने विचारलं, काका कुठे. कुणीतरी म्हणालं, मागून येताहेत, दुसऱ्या खेपेला असतील. नाव गेली. थोड्या वेळाने उरलेले उतरून आले. त्यांच्यातल्या बाइंडिंगवाल्या बाईने विचारलं, काका कुठे. कुणीतरी म्हणालं, पहिल्या खेपेला गेले असतील. दोन्हीकडच्यांनी काळजी केली हो, मी ऐकलं. आणि दोन्हीकडच्यांचं समाधान झालं.

मी वाऱ्याला विनवलं की मला पाड. वारा जोराचा होता, तेरा नंबर खडखडत होता, तेवीस उलटा होता होता पुन्हा सरळ झाला. मला त्याने हलवलंही. पण दोन वेढे होते. फोरमनची गाठ होती ती, सुटते कसली.

भाऊ परत आला. ताईही दोर आवळून खाली आली, तळहात सोललेले. उरलेले पाच जण नावेत चढले. भावाने फळ्याकडे नजर टाकली.

“फळा भरलाय ताई, चल. पुसत बसू नकोस आज.”

तिने फडकं उचललं होतं ते परत ठेवलं. चालत गेली. भावाने दोर सोडला. तिने एक पाय नावेत टाकला, दुसरा धक्क्यावर होता. माझा जीव त्या दुसऱ्या पायात होता.

तो उचलायच्या आधी तिने सवयीने एकदा मागे वळून पाहिलं. आणि ती तशीच राहिली.

“हे कुणी टांगले?” तिने विचारलं.

भाऊ म्हणाला की कुणी का टांगेना, भरलाय ना. ताई धक्क्यावर परत आली. फळ्यासमोर उभी राहिली. ती हळूच बोलली, पण मी तिच्या तोंडासमोरच होतो.

“दमलेली माणसं असं टांगत नाहीत रे. कुणी पाठमोरा टांगतं, कुणी भलत्याच खिळ्यावर. तीन तास चालून आलेल्या बारा हातांनी एवढी सरळ ओळ? हा एकच हात आहे.”

बाइंडिंगवाली बाई म्हणाली की हो, फोरमनने टांगले, त्यांनी गोळा केले होते. ताईने भावाला विचारलं, पहिल्या खेपेला किती नेलेस. भाऊ कपाळ चोळू लागला. सहा असतील. सात असतील. आता फळा असताना कोण मोजतं? नावेतल्या पाचांनी मग पुढे गेलेल्यांची नावं घेतली. सहा पटकन आठवली. सातवे काका.

“त्यांना नावेत बसताना कुणी पाहिलं?”

लाट धक्क्यावर आपटून छपरीपर्यंत शिंतोडे आले.

भाऊ रडकुंडीला आला होता. तो म्हणाला की काका पलीकडे चहा पीत बसले असतील. आणि मला परत येता आलं नाही तर? तीन दिवस एकटी काय करशील इथे?

“पलीकडे असतील तर बरंच झालं,” ताई म्हणाली. “मी उपाशी राहीन, मरणार नाही. या पाचांना सोड. जमलं तर ये.”

“ताई, अगं असं काय करतेस.”

“जा. उजेड जातोय.”

भाऊ गेला. तिने आम्हा बारांनाही खिळ्यांवरून काढलं. कुठला बिल्ला काकांचा, हे तिला माहीत नव्हतं, म्हणून सगळेच फडक्यात बांधले आणि कमरेला खोचले. फळ्याची खालची रांग पूर्ण रिकामी झाली. ते बघून मला कितीतरी बरं वाटलं.

ती वाटेने पळाली. पन्नाशीची बाई, पण कड्यावरून पळाली. चौकीत हाक, दिव्याच्या खोलीत हाक, ओट्यावर हाक. उत्तर नाही. वारा हाका परत तिच्याच तोंडात कोंबत होता. मी फडक्यात दाबलेला. मला ओरडून सांगायचं होतं, खाली जा, कोठडीकडे जा. ती फाट्यापाशी आली, पुढे गेली. माझा जीव टांगणीला लागला. चार पावलांवर थांबली. मागे आली. फाट्यावरच्या रेतीकडे बघत होती. सकाळी तिनेच टाकलेली रेती. तिच्यावर बाकीच्यांच्या जाण्यायेण्याच्या खुणा तुडवून खाली जाणारी एक बुटाची खूण होती, ताजी. तिची परत वर येणारी जोडी नव्हती.

बावीस पायऱ्या. तळाशी काका बसले होते, भिंतीला पाठ टेकून. चष्मा डोळ्यांवर होता, एक काच तडकलेली. घोटा सुजून तांब्याएवढा झालेला. ओरडून ओरडून आवाज बसला होता.

ताई त्यांच्यापुढे मटकन बसली.

“पहिल्यांदा घाबरलो नाही हो,” काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. “म्हटलं, खिळा रिकामा दिसेल, येतील. मग छातीवर हात गेला. बिल्ला तिथे नव्हता.” ते थांबले. “मी सुटलो होतो, आणि माझ्या जागी सतरा छापून गेला होता.”

ताईने फडकं सोडलं. त्यांनी न बघता, नुसत्या बोटांनी आम्हाला चाचपलं आणि बरोबर मला उचललं. गुळगुळीत सातावर त्यांचा अंगठा आला. किती वर्षांनी कुणीतरी तिथे अंगठा ठेवला. मी पितळ आहे, मला रडता येत नाही.

त्यांना वर आणायला वेळ लागला. एकेक पायरी बसत, सरकत. सरळ ओळीवरून कसं ओळखलं, ते ताईने तेवढ्यात सांगितलं. वाटेवर अर्ध्यात येतो तोच समोरून दोघे पळत आले. एक भाऊ. दुसरा फोरमन, कमरेपर्यंत भिजलेला. पलीकडे काका उतरलेच नाहीत हे कळल्यावर तो नावेत येऊन बसला होता आणि उतरायला तयार नव्हता. आता काकांच्या पुढे उभा राहिला. एवढंच म्हणाला, “तुमचा बिल्ला मी टांगला, काका.”

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आधारासाठीही ठेवला असेल.

“नीट टांगलात. इतका नीट, की यांना चूक सापडली.”

फोरमनने त्यांना पाठीवर घेतलं. भाऊ नावेत उभा राहून ओरडत होता, लाटा वाढताहेत, चला. तेव्हा ताईने त्याला हाताने थांबवलं, आणि काकांना म्हणाली, “तुम्ही टांगा.”

काका एका पायावर उभे राहिले. तडकलेल्या काचेतून नीट दिसत नव्हतं. त्यांनी मला टांगलं, पाठमोरा, आणि एकोणिसाच्या खिळ्यावर. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस. ताईने बघितलं, फोरमननेही बघितलं. कुणी दुरुस्त केलं नाही.

नाव निघाली. मी खालच्या रांगेत एकटा वाऱ्यात फिरत राहिलो, पण सुखाने फिरलो.

आता मी म्हातारा झालोय. कडा झिजल्यात, दोरी तिसऱ्यांदा बदलली. ताईने फळ्यावर खडूने लिहिलंय की दुसऱ्याचा बिल्ला घेऊ नये. भाऊ फळाही बघतो, डोकीही मोजतो आणि हल्ली स्वतःला धरत नाही. काका एकदा येऊन गेले, काठी टेकत, फोरमनला बरोबर घेऊन. मलाच मागून घेतलं.

माझी काळजी मात्र गेली नाही. रोज संध्याकाळी वाट वाकते तिथे माझी नजर असते. तुम्ही कधी या वाटेला आलात तर एवढं करा. मला गळ्यात घाला, कुणालाही देऊ नका, मदत करणाऱ्यालाही नको. चालून पाय दुखले, अंग आंबलं, तरी परत आल्यावर मला स्वतःच्या हाताने टांगा. वाकडा टांगा, उलटा टांगा, भलत्या खिळ्यावर टांगा. मला चालेल. वाकड्या ओळीकडे बघून ताई शांतपणे घरी जाते.